तुम्ही कुठले?

ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला एक सरकारी पत्र सगळीकडे फिरलं. दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याने ते बंग भवनाला लिहिलं होतं. बंग भवन म्हणजे पश्चिम बंगाल सरकारचं दिल्लीतलं अतिथिगृह, आपल्या महाराष्ट्र सदनासारखं. बेकायदा राहत असल्याच्या संशयावरून आठ जण ताब्यात होते. त्यांच्याजवळच्या कागदांचं हिंदी-इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं होतं, त्यासाठी जाणकार दुभाषा द्यावा, अशी साधी विनंती. पण कागद कुठल्या भाषेत आहेत हे सांगताना लिहिलं होतं, ‘बांगलादेशी’. पुढचे चार दिवस त्या एका शब्दावरून व्हायचा तो गदारोळ झाला आणि विरला. मला मात्र ते पत्र सोडेना. एकाच वाक्यात एक गोष्ट अगदी बरोबर होती आणि एक पार चुकलेली. ती भाषा वाचणारा माणूस हवा म्हणून ठाण्याला भारतातल्याच एका राज्याच्या दारात जावं लागलं होतं. पत्ता बरोबर होता, नाव चुकलं होतं.

३ ऑक्टोबर २०२४ या दिवशी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा त्याच निर्णयात आणखी चार भाषा होत्या: पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. आपल्या आनंदात ही पंगत फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. २०११ च्या जनगणनेत हिंदीखालोखाल बंगाली आहे, सुमारे ९ कोटी ७२ लाखांची मातृभाषा, आणि तिच्यामागे मराठी, ८ कोटी ३० लाख. आसामच्या बराक खोऱ्यात तर बंगालीसाठी माणसं मेलीत. असमिया ही राज्याची एकमेव राजभाषा केल्याच्या विरोधात सत्याग्रह चालू असताना १९ मे १९६१ ला सिलचरच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ११ जण गेले. भाषेपायी गोळी खाणं म्हणजे काय, हे फ्लोरा फाउंटनच्या हुतात्म्यांची आठवण बाळगणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी बांगलादेश नावाचा देश जन्माला यायला दहा वर्षं बाकी होती.

तरीही बोलण्यावरून माणूस ओळखायचा एक ठोकताळा वर्षानुवर्षं फिरतो आहे. पाण्याला ‘जोल’ म्हणाला तर आपला, ‘पानी’ म्हणाला तर पलीकडचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, मालद्याचा, बीरभूमचा मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ‘पानी’च म्हणत आलाय, आंघोळीला ‘गोसल’ म्हणत आलाय, आणि ढाक्यातला हिंदू आजही ‘जोल’ मागतो. आपल्याकडचा मुर्शिदाबाद आणि बांगलादेशातला राजशाही हे दोन जिल्हे पद्मा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. दोन्हींकडच्या बोलीत जेवढा फरक असेल, त्याहून जास्त फरक मुर्शिदाबादच्या आणि कोलकात्याच्या बंगालीत ऐकू येतो. हे ओळखायला कान बंगालीत मुरलेला लागतो. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या चौकीतल्या हवालदाराकडे तो असण्याचं काही कारण नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. दोष ठोकताळ्याचा आहे.

‘पानी’ हा शब्द देश सांगत नाही, धर्म सांगतो.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच मनापासून मांडायची आहे. बेकायदा घुसखोरीला विरोध करणारा प्रत्येक माणूस मनात विष घेऊन फिरतो, असं म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. बांगलादेशशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची. त्यातली निम्म्याहून जास्त, २,२१६ किलोमीटर, एकट्या पश्चिम बंगालची. आठशेहून अधिक किलोमीटरवर अजून कुंपण नाही आणि काही ठिकाणी ते घालताच येत नाही, कारण तिथे नदी आहे आणि ती दर पावसाळ्यात पात्र बदलते. गेल्या साली या काठाला असलेलं चर, म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, पुढल्या साली त्या काठाला गेलेलं असतं. जिथे कुंपण आहे तिथे ते साधारणपणे सीमारेषेपासून दीडशे यार्ड आत असतं, त्यामुळे भारतीय शेतकऱ्याची भारतातलीच जमीन तारेच्या पलीकडे पडते. सकाळी ठरलेल्या वेळी फाटक उघडतं, तो सीमा सुरक्षा दलाच्या जवानाकडे ओळखपत्र ठेवतो, नांगर घेऊन पलीकडे जातो आणि फाटक बंद व्हायच्या आत परत येतो. आपल्याच शेतात जायला रोज आपली ओळख पटवून देणाऱ्या त्या माणसाला सीमा कशासाठी असते ते आपल्यापेक्षा नीट कळतं. कोण आलं, कोण गेलं हे देशाला माहीत असलं पाहिजे, एवढीच मागणी असेल तर ती रास्त आहे. दलालाला पैसे देऊन रात्रीतून नदी ओलांडणारा माणूस गरीब असतो, पण तो दलाल गरीब नसतो. ती साखळी जिवंत राहावी असं कुठल्याही भल्या माणसाला वाटणार नाही.

आसामकडे पाहिलं की हा गुंता जास्त उघडा दिसतो. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा पोटनिवडणुकीच्या मतदारयादीत संशयास्पद नावं निघाली आणि तिथून सहा वर्षांचं आंदोलन उभं राहिलं. १५ ऑगस्ट १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली. त्यानंतर आलेला तो परका, मग तो हिंदू असो की मुसलमान. आपली भाषा, आपली जमीन आपल्याच राज्यात अल्पसंख्य होईल ही भीती खरी होती. २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने मुसलमान वगळून बाकीच्यांना सवलत दिली तेव्हा आसामचे रस्ते पेटले ते याचसाठी. आमचा आक्षेप येण्याला आहे, येणाऱ्याच्या देवाला नाही, असं ते सांगत होते. या सरळ रेषेबद्दल मला आदर आहे. पण त्याच आंदोलनाच्या ऐन भरात, १८ फेब्रुवारी १९८३ ला, नेल्ली परिसरातल्या बंगाली मुसलमानांच्या गावांवर सकाळीच जमाव चालून गेला आणि सरकारी हिशेबानेही दीड हजारांच्या वर माणसं मारली गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. तीच घोषणा, तीच भीती, तोच प्रांत. देशप्रेम इथे संपतं आणि द्वेष इथे सुरू होतो अशी खूण कुणी जमिनीवर करून ठेवलेली नसते. ती शोधायची तर घोषणा ऐकून भागत नाही. पुढे काय केलं जातं आणि कुठल्या क्रमाने, ते बघावं लागतं.

क्रम म्हणजे कागदांपासून सुरुवात. आपल्याकडची ओळखपत्रं उतरंडीसारखी एकावर एक रचलेली असतात. आधारसाठी बारा महिन्यांत १८२ दिवस देशात राहिलेलं असणं पुरतं. तो रहिवाशाचा क्रमांक आहे, नागरिकाचा नाही, आणि आधार कायद्याच्या ९ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलंय. पत्त्याचा पुरावा नसेल तर ठरलेल्या नमुन्यावर फोटो चिकटवून लोकप्रतिनिधीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का चालतो. त्यावर आधार, आधारवर काही मिनिटांत पॅन, दोन्हींवर बँकेचं खातं, खात्यावर भाडेकरार आणि मग मतदार ओळखपत्र. वरचं मडकं बघून कुणालाही वाटावं, उतरंड भक्कम आहे. तळाच्या मडक्यात मात्र एका सहीखेरीज काही नसतं. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असलं म्हणजे नागरिकत्व सिद्ध झालं असं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं ते याचमुळे. मालेगावातल्या उशिराच्या जन्मनोंदींचा जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास सुरू झाला, त्याचंही मूळ इथेच. जन्म होऊन वर्ष उलटलं की नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायालयाकडून महसुली अधिकाऱ्यांकडे गेलं. अर्ज ढिगाने आले आणि तपासणी त्या ढिगाला पुरली नाही, तर खोटा माणूस खऱ्यांच्या गर्दीतून सहज सरकतो. यावर बोट ठेवणाऱ्याला मी द्वेष्टा म्हणणार नाही.

पण तळाचं मडकं रिकामं असणारे लाखो लोक इथलेच आहेत. मराठी वाचकाला हे पटवायला एक तारीख पुरते: १ जून. आपल्या खेड्यापाड्यांतल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने तीच तारीख मांडली. जन्माची नोंद कुणाकडेच नव्हती. तशीच बंगालमधल्या गरीब मुसलमान बाईची गोष्ट. लग्नाआधी ती अमुक खातून असते, लग्नानंतर तीच अमुक बीबी होते आणि नवरा वारल्यावर बेवा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदारयादीत दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. तीन नावांची ती एकच बाई. पुरुषांचं ‘शेख’ बंगालमध्ये कागदोपत्री बरेचदा नुसतं ‘एसके’ असं दोन अक्षरांत लिहिलं जातं. आपल्या कारकुनाने ते उलगडून ‘शेख’ केलं की बापाचं आणि मुलाचं आडनाव जुळेनासं होतं. आणि हे फक्त मुसलमानांचं नाही. बंगालीत ‘अ’चा उच्चार ‘ओ’कडे झुकतो, त्यामुळे मंडल एका कागदावर मंडल असतो नि दुसऱ्यावर मोंडोल. आपल्या कुलकर्णीचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतं तेव्हा आपण चरफडतो आणि एक प्रतिज्ञापत्र करून मोकळे होतो. तिथे त्याच अक्षराची किंमत माणसाचा देश असते.

ही अतिशयोक्ती नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका माणसाला भारतीय ठरवलं. न्यायाधिकरणाने त्याला परदेशी ठरवून बारा वर्षं झाली होती, ती नावांच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या किरकोळ तफावतींवरून. कुणाचंही दार ठोठावून, हाती काही ठोस नसताना, तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर असं म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल आला तेव्हा तो माणूस हयात नव्हता. त्याआधी, २०१९ मध्ये, तीस वर्षं सैन्यात काढून निवृत्त झालेल्या एकाला परदेशी ठरवून स्थानबद्ध केलं गेलं, मग उच्च न्यायालयाने जामीन दिला. मुळात आपला कायदा पुराव्याचं ओझं पकडलेल्यावरच टाकतो. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ते ९ वं कलम होतं, २०२५ च्या नव्या कायद्यात १६ वं आहे. आपण कुठे जन्मलो हे बाकी कुणापेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक असतं, हा त्यामागचा विचार मी समजू शकते. पण ज्याच्या गावात जन्माची नोंदच झाली नाही त्याला ते ठाऊक असूनही दाखवता येत नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला तर स्वतःच्या जन्माचा कागदही पुरत नाही, आई किंवा बाप भारतीय होते हे दाखवावं लागतं. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला दोघांबद्दलही उत्तर द्यावं लागतं. म्हणजे एकविशीतल्या मजुराची फाईल नीट तपासायची तर ती त्याच्या आजोबांपर्यंत जाते.

म्हणूनच ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न नीट विचारायला वेळ लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना त्यासाठी ३० दिवस दिले. पकडलेला माणूस म्हणाला, मी अमुक जिल्ह्यातला, तर त्या राज्याकडे त्याची माहिती पाठवायची आणि तिथून पडताळणी करून उत्तर यायचं. ऐकायला पुरेसं वाटतं. प्रत्यक्षात बिघडतं ते बारीक जागी. माहिती रोमन लिपीत जाते, गावाची नोंद बंगालीत असते आणि कानावर पडलं तसं लिहिलेलं गावाचं नाव तिथे सापडत नाही. जिल्हा असतो पण ठाणं नसतं, ठाणं असतं पण पंचायत नसते. बापाचं नाव असतं, आईचं आणि आजोबांचं नसतं, आणि जुन्या मतदारयादीत शोधायचं असतं नेमकं त्यांनाच. घरच्यांचा फोन नंबर घेतलेला नसतो, म्हणून गावचा शिपाई दारात पोचायच्या आधीच मुदत सरत येते. मग मुदत संपणं आणि माणूस परका ठरणं हे एकच मानलं जातं. खरोखर बांगलादेशी असलेल्याला रीतसर परत पाठवायचं तरी हेच करावं लागतं. बांगलादेशचा उच्चायोग, म्हणजे वकिलात, तिकडे गाव, बापाचं नाव, ठाणं तपासून तो त्यांचाच असं कळवतो, प्रवासाचा परवाना देतो, मगच तो त्या देशाच्या हवाली होतो. त्यात महिनोन्‌महिने जातात. रात्री सीमेवर नेऊन पलीकडे ढकलायला एक रात्र लागते.

जून २०२५ मध्ये आपल्या मुंबई-ठाणे पट्ट्यातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर असेच पलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्याने कागद दाखवले, दोन्हीकडच्या सीमा दलांच्या अधिकाऱ्यांची ध्वजबैठक झाली आणि ते परत आले. भारताने भारताची माणसं शेजाऱ्याकडून परत मागून घेतली. महाराष्ट्राला हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबईतून बंगाली जरीकारागिरांना बांगलादेशी म्हणून हावड्याच्या गाडीत बसवून पाठवलं, तेव्हा वाटेत उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं होतं. त्यानंतर सत्तावीस वर्षांत ‘आधी जिल्ह्याला विचारा’ हा धडा पक्का व्हायला हवा होता. झवेरी बाजारात मान खाली घालून, नळीने फुंकर मारत मंगळसूत्राच्या वाट्यांना डाग देणारे कितीतरी हात हुगळी-हावड्याकडचे आहेत, आणि बांधकामावर ओळंबा धरणारे मालदा-मुर्शिदाबादचे. आपल्या घरात त्यांचं काम आहे. त्यांना बोलताना ऐकलं की आपण आवाज खाली आणायला लावावा, अशी वेळ यायला नको होती.

या सगळ्यात ठेकेदार कुठे असतो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला होता. त्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं, हिंदी-इंग्रजीत आणि मजुराची भाषा वेगळी असेल तर त्याच्या भाषेतही. आणि त्याची माहिती पंधरा दिवसांत दोन्ही राज्यांना कळवायची होती, जिथून आला तिथे आणि जिथे आला तिथे. हे प्रामाणिकपणे झालं असतं तर आज प्रत्येक साइटवर कोण कुठल्या जिल्ह्यातला हे बसल्या जागी कळलं असतं आणि बाहेरून घुसलेला वेगळा दिसला असता. ते पासबुक साइटवर बघायला मिळणं दुर्मीळच होतं. स्वस्तात, बिननोंदणीची माणसं ठेवणाऱ्याला कुणी चौकीत बसवून पाणी काय म्हणतोस असं विचारत नाही. घुसखोरीची चीड खरी असेल तर तिने आधी या दारावर थाप मारायला हवी. ती तिथे न जाता थेट झोपडीतल्या लुंगीवाल्याकडे जाते, तेव्हा मला तिच्या देशप्रेमाबद्दल शंका येते.

आणि एक आठवण सारखी आड येते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात १०४ भारतीय होते, तिघे महाराष्ट्राचे. तेही दलालाला पैसे देऊन, जंगलं तुडवत, कायदा मोडूनच गेलेले. त्यांना परत पाठवायचा अमेरिकेला हक्क होता, हे आपण सगळेच मान्य करत होतो. तरी त्यांच्या हातापायांतल्या बेड्या बघून पोटात कालवलं. मला त्या कालवण्याची लाज वाटत नाही, ते खरं होतं. पण त्या विमानात बसवण्याआधी प्रत्येकाचं भारतीयत्व आपल्या सरकारने तपासून मान्य केलं होतं. बेड्या वाईट होत्या, देश चुकला नव्हता.

पुन्हा त्या पत्राकडे येते. त्यात दुभाषा मागितला होता. म्हणजे कुणाला तरी वाटलं होतं की, माणूस बाहेर काढायच्या आधी त्याचा कागद वाचून घ्यावा. तो दुभाषा आला असेल तर त्याने काय केलं असेल, ते मला डोळ्यांपुढे दिसतं. घडीवर झिजलेला, प्लास्टिकच्या पिशवीत दुमडलेला कागद तो टेबलावर सपाट करतो. नाव वाचतो. बापाचं नाव वाचतो. मग बोट एकेक ओळ खाली सरकतं: गाव, पोस्ट, ठाणं. आणि शेवटी जिल्ह्याच्या ओळीवर थांबतं, जिथे एक तर मुर्शिदाबाद लिहिलेलं असतं, नाहीतर राजशाही.